डेल्टिक, फेअरबँक्स आणि आपला अल्को : इंजिन उघडायचं कुठून?

बाळे_स्टेशन

नमस्कार मंडळी. डिझेल लोकोंवर इथे अधूनमधून गप्पा होतात, पण त्या बहुतेक रंग, नंबर आणि शेडच्या नावापाशी थांबतात. हूडच्या आत काय बसवलंय यावर स्वतंत्र धागा असावा असं बरेच दिवस मनात होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड–लातूर रोड या तुकड्यात वीज सोडली आणि मध्य रेल्वेचं ब्रॉडगेज जाळं शंभर टक्के तारेखाली आलं. तो शेवटचा तुकडा आपल्याच सोलापूर विभागातला. सिद्धेश्वर आणि हुतात्माला पुणे शेडचं डिझेल लागायचं ते दिवस संपले. ज्यांनी ही इंजिनं ऐकली, चालवली, खोलली, त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्यायला हवं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जगात डिझेल लोकोसाठी एकेक अजब रचना होऊन गेल्या. त्यांच्याबद्दल बोलताना लोक अश्वशक्ती विचारतात, वेग विचारतात. मी एकच विचारतो : आतला एक पिस्टन खराब झाला, तर फिटर तिथवर पोचणार कुठून? या एका प्रश्नावर बहुतेक इंजिनांची कुंडली मांडता येते.

सुरुवात डेल्टिकपासून, कारण अजबपणात तिचा हात धरणारं कोणी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश नौदलाला वेगवान बोटींसाठी हलकं आणि दणकट डिझेल हवं होतं. पेट्रोलच्या बोटींना आगीची भीती फार. नेपियर कंपनीकडे जर्मनीतल्या युंकर्सच्या विमान-डिझेलचा परवाना युद्धाआधीपासून होता. युंकर्सची कल्पना अशी : एका सिलिंडरात दोन पिस्टन समोरासमोर, मधोमध ज्वलन, आणि दोन्ही टोकांना एकेक क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या ये-जेतून फिरणारा दांडा. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, नाही, व्हॉल्व्ह नाहीत. लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला, खिडक्या पाडलेल्या, त्या पिस्टननेच उघडायच्या आणि झाकायच्या. नेपियरने अशा तीन ओळी घेऊन त्रिकोण केला. तीन कोपऱ्यांत तीन क्रँकशाफ्ट, प्रत्येकावर शेजारच्या दोन्ही ओळींचे पिस्टन. ओळीत सहा सिलिंडर, म्हणजे १८ सिलिंडर आणि ३६ पिस्टन. सिलिंडरचा व्यास जेमतेम १३० मिलिमीटर. आपल्या अल्कोचा, म्हणजे अल्को या अमेरिकी कंपनीच्या रचनेच्या आपल्याकडच्या इंजिनाचा, २२८.६ आहे हे लक्षात घ्या.

इंग्लिश इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये अशी दोन इंजिनं बसवून फिकट निळ्या रंगाची नमुना लोको काढली. मग १९६१-६२ मध्ये ब्रिटिश रेल्वेसाठी २२ लोको बांधल्या. क्लास ५५ म्हणतात ती हीच. १६५० अश्वशक्तीची दोन इंजिनं, मिळून ३३००, आणि वजन सुमारे १०० टन. त्याच कंपनीची त्याच सुमाराची क्लास ४० लोको २००० अश्वशक्तीला १३३ टन भरत होती. या दोन आकड्यांतच डेल्टिकचं सगळं कौतुक आलं. लंडन–एडिंबरा मार्गावर तिने ताशी १०० मैलांचा वेग रोजच्या कामात आणला.

आता माझा प्रश्न. त्रिकोणाच्या आतल्या पिस्टनपर्यंत शेडमधला माणूस पोचणार कसा? तो पोचतच नव्हता. इंजिन बिघडलं की अख्खं बाहेर काढायचं, सुटं ठेवलेलं दुसरं आत बसवायचं आणि बिघडलेलं कारखान्यात पाठवायचं. कारखाना पाठीशी आणि सुटी इंजिनं हाताशी होती तोवर सगळं सुरळीत चाललं. जानेवारी १९८२ मध्ये शेवटच्या डेल्टिक निवृत्त झाल्या. २२ पैकी सहा हौशी लोकांनी जतन केल्या आहेत.

त्यांचंच एक धाकटं भावंड होतं, बेबी डेल्टिक. नऊ सिलिंडरचं एकच इंजिन, ११०० अश्वशक्ती, एकूण दहा लोको. त्यातली एकही उरली नाही. एक इंजिन मात्र वाचलं, आणि तिथल्या हौशी मंडळींनी क्लास ३७ ची एक लोको कापून छोटी करून त्या इंजिनाभोवती बेबी डेल्टिक पुन्हा उभी करायला घेतली. असल्या वेडाला मी मनापासून मानतो.

पुढचं सगळ्यांनी लिहा. फेअरबँक्सबद्दल कोणाला माहिती असेल तर विशेष.


पेठेतला_मेकॅनिक

भारी धागा. आम्ही यंत्रमागाच्या मोटरी आणि गिअर बघणारी माणसं, पण तीन क्रँकशाफ्ट म्हटल्यावर राहवेना. तीन शाफ्ट एकमेकांशी जुळवले कसे? गिअरने एकत्र आणले असणार, पण एक शाफ्ट उलटा फिरतो असं कुठंतरी ऐकलंय. का बरं?


बाळे_स्टेशन

@पेठेतला_मेकॅनिक, खरं आहे, एक शाफ्ट उलटाच फिरतो. त्यामागचं कारण फार सुंदर आहे.

प्रत्येक सिलिंडरातला एक पिस्टन धूर सोडायच्या खिडक्या सांभाळतो आणि दुसरा हवा घ्यायच्या. धुराची खिडकी हवेच्या आधी उघडली पाहिजे, नाहीतर जळका वायू ताज्या हवेच्या वाटेने परत घुसेल. म्हणून धुराकडचा पिस्टन २० अंश पुढे ठेवतात. आता कागदावर त्रिकोण काढा. प्रत्येक कोपऱ्याच्या शाफ्टवर एका ओळीचा धुराकडचा पिस्टन येतो आणि दुसऱ्या ओळीचा हवेकडचा. एका कोपऱ्यापासून निघून फरक जोडत जोडत फेरी पूर्ण करा. तिन्ही शाफ्ट एकाच दिशेने फिरत असतील तर हिशेब जुळतच नाही, आरंभाला परत आलात की कोन भलताच निघतो. एक शाफ्ट उलटा फिरवला की तीन वेळचे २० मिळून ६० अंश होतात आणि ते त्रिकोणाच्या ६० अंशांत चपखल बसतात.

नामांकित इंजिनीअर या गाठीवर अडून बसले होते. ती सोडवली नौदलाच्या इंजिनीअरिंग प्रयोगशाळेतल्या हर्बर्ट पेनवॉर्डन नावाच्या ड्राफ्ट्समनने. पॉलिटेक्निकच्या मुलांना ही गोष्ट आवर्जून सांगावी असं मला वाटतं.


अक्कलकोट_रोड

फेअरबँक्सबद्दल मी लिहितो. एमआयडीसीत माझं लायनर आणि बोअरिंगचं काम आहे, त्यामुळे हे इंजिन वाचायला घेतलं तेव्हा पहिल्यांदा लायनरच बघितला.

अमेरिकेची फेअरबँक्स-मोर्स कंपनी. समोरासमोरचे पिस्टन यांचेही, पण त्रिकोण नाही. उभी सरळ ओळ, एक क्रँकशाफ्ट तळाला आणि एक डोक्यावर. सिलिंडरचा व्यास सव्वाआठ इंचाला थोडा कमी, दोन्ही पिस्टनचा स्ट्रोक दहा-दहा इंच. महायुद्धात अमेरिकेच्या पाणबुड्यांनी हे इंजिन वापरलं आणि तिथे त्याने नाव काढलं. मग कंपनी रेल्वेत उतरली. १९५३ ची ट्रेन मास्टर ही त्यांची सगळ्यात जबर लोको, २४०० अश्वशक्ती, बारा सिलिंडर. त्या काळात एका लोकोत एवढी ताकद म्हणजे चैन होती.

आणि बाळेकरांचा प्रश्न इथेच नेमका लागू पडतो. लायनर किंवा पिस्टन काढायचा तर आधी डोक्यावरचा अख्खा क्रँकशाफ्ट उतरवावा लागतो. बारापैकी एक सिलिंडर दुखतोय, पण मोकळे करायचे सगळे. पाणबुडीत समुद्राचं गार पाणी, स्वच्छ हवा आणि त्याच इंजिनावर शिकलेले नौसैनिक होते. वाळवंटातून धूळ खात जाणाऱ्या लोकोच्या नशिबी यातलं काहीच नव्हतं. पिस्टन तापून खराब व्हायला लागले, आणि शेजारच्या रुळावर सोप्या इंजिनांच्या लोको उभ्या असताना शेडवाल्यांनी हिच्यासाठी वेगळी क्रेन आणि वेगळे दिवस का राखून ठेवावेत? १९६३ मध्ये कंपनीने लोको बांधणं थांबवलं. इंजिन मात्र मेलं नाही. जहाजांवर आणि अणुवीज केंद्रांत आणीबाणीच्या जनरेटरला ते टिकून राहिलं. जागेवर उभं राहून चालायचं असेल तर ते उत्तम यंत्र आहे.

रशियनांनी तर हीच रचना घेऊन टीई-३ च्या हजारो लोको चालवल्या. दहा सिलिंडर, २००० अश्वशक्ती. म्हणजे उघडायला अवघड असलं तरी देशाने मनावर घेतलं तर चालतं, हेही नोंदवून ठेवा.


निवृत्त_फिटर

पोरांनो, धागा वाचून बरं वाटलं. मी डिझेल शेडला फिटर म्हणून नोकरी केली, आता सोलापुरातच असतो. तुमचा प्रश्न आमच्या रोजच्या कामाचा होता म्हणून सविस्तर लिहितो.

अल्कोचं २५१, सोळा सिलिंडर, ४५ अंशाचा व्ही. आपल्या ब्रॉडगेजच्या डब्ल्यूडीएम-२ लोकोला हेच इंजिन, २६०० अश्वशक्ती. याची पहिली मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं हेड वेगळं. दुसरी गोष्ट, प्रत्येक सिलिंडरचा फ्युएल पंप वेगळा. हूडचे दरवाजे उघडले की दोन्ही अंगांनी उभं राहायला जागा मिळते, छपराचा तुकडा काढला की वरून क्रेनचा हुक येतो. एक सिलिंडर गेलं असं समजलं तर त्याचंच हेड उचलायचं, खालून क्रँककेसचा दरवाजा काढून कनेक्टिंग रॉडची कॅप सोडायची, पिस्टन रॉडसकट वर ओढायचा, मग लायनर. बाकीच्या पंधरांना हात लावायची गरज नाही. माझ्या नोकरीत नवीन पोरं हे काम बघून बघून शिकली. पुस्तक नंतर वाचायची.

सुरू करायच्या आधी इंजिन हाताने फिरवून बघायचं, त्याला आम्ही बारिंग म्हणायचो. लायनरमध्ये पाणी उतरलं असेल तर ते तिथं कळतं. पाणी दाबलं जात नाही, तसंच क्रँक केलं तर रॉड वाकतो. एवढ्या एका सवयीनं कितीतरी इंजिनं वाचली. लूब ऑइलचा नमुना, पाण्याची पातळी, क्रँककेसच्या दरवाजाजवळचा वास, हे सगळं डोळ्यांनी आणि नाकानं बघायचं काम. बंद करताना टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा ढकलणाऱ्या पंख्याला, कान लावायचा. इंजिन थांबल्यावरही टर्बो फिरत राहतो, साधारण दीड ते तीन मिनिटं. लवकर अडखळला तर बेअरिंग धरलंय समजायचं.

सुरू करायला वेगळा स्टार्टर नाही. बॅटरीचा करंट मेन जनरेटरला देऊन त्याचीच मोटर करायची आणि त्यानं इंजिन फिरवायचं. पहिला सिलिंडर पेटला की पायाखालची फूटप्लेट थरारते, मग दुसरा, तिसरा, आणि सगळे लागले की ४०० आरपीएमला येऊन बसतं. आठव्या नॉचला, म्हणजे ड्रायव्हरच्या हँडलच्या शेवटच्या पायरीला, १०००.

डेल्टिकचं मला कौतुक आहे, पण ३६ पिस्टनचं इंजिन मे महिन्यात आमच्या शेडला आलं असतं तर त्याला आम्ही काय केलं असतं, ते सांगता येत नाही.


हुतात्मा_पासधारक

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इतकी वर्षं त्या इंजिनामागच्या डब्यात बसून पुण्याला गेलो, आत काय चाललंय ते आज कळलं. भिगवणच्या पुढं क्रॉसिंगला गाडी थांबली की इंजिनाचा आवाज खाली यायचा आणि सिग्नल मिळाल्यावर आधी काळा लोट वर जायचा, मग गाडी हलायची. तो धूर तेवढा का यायचा?


निवृत्त_फिटर

धूर म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त. नॉच वाढवला की गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारं यंत्र, लगेच डिझेल वाढवतो. पण टर्बो हा धुराच्या जोरावर फिरणारा, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तोवर जेवढं डिझेल आलं तेवढी हवा नसते, म्हणून कार्बन न जळता बाहेर पडतो. टर्बो चढला की धूर विरळ होतो. चांगला ड्रायव्हर एकेक नॉच थांबून घेतो, त्याच्या इंजिनाला धूर कमी. फोटोवाल्यांना काळा लोट आवडतो, आम्हाला तो दिसला की डिझेल वाया गेलेलं दिसायचं.


वाडी_लाइन

आपल्या मार्गाच्या दक्षिण टोकाला एक अजब पाहुणा होता, त्याची आठवण कोणालाच कशी नाही? वाडीच्या पुढं गुंतकल, त्याच्या जवळ गुत्ती. त्या शेडला डब्ल्यूडीएम-३ होत्या. जर्मनीच्या हेन्शेलने १९७० मध्ये दिलेल्या, फक्त आठ. अल्कोत इंजिन जनरेटर फिरवतं आणि वीज मोटरना जाते. हिच्यात वीज नाही, डिझेल-हायड्रॉलिक. इंजिनाचा जोर तेलाच्या टॉर्क कन्व्हर्टरमधून आणि गिअरमधून थेट चाकांना. त्या पेटीचं नाव मेकिड्रो. मूळ मायबाख घराण्याची रचना. इंग्लंडच्या पश्चिम विभागात हायमेक नावाच्या लोको होत्या, त्यांच्यातही मेकिड्रोच.

मायबाखच्या त्या काळच्या वेगवान इंजिनांत क्रँकशाफ्टच्या गोल चकत्याच रोलर बेअरिंगमध्ये फिरतात, आणि अख्खा शाफ्ट क्रँककेसच्या बोगद्यात एका टोकाकडून आत सरकवावा लागतो. जर्मन अचूकतेचा नमुना. आता बाळे_स्टेशन यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो : असा शाफ्ट काढायचा तर इंजिनच लोकोतून बाहेर. त्यात आठच लोको. सुट्या भागांसाठी आठ लोकोंकरता वेगळं दुकान कोण चालवणार? मुख्य मार्गावर डिझेल-हायड्रॉलिक आपल्याकडे पसरलं नाही याचं आश्चर्य वाटत नाही.

हायड्रॉलिकचा एक मोठा फायदा मात्र सांगायला हवा. एका बोगीतली सगळी चाकं शाफ्टने एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे एकच चाक घसरून भिरभिरत नाही. वजनाच्या मानाने ओढ चांगली मिळते. अमेरिकेनेही १९६१ मध्ये क्राउस-माफाईच्या हायड्रॉलिक लोको जर्मनीहून मागवून बघितल्या होत्या, त्या कामाच्या असूनही तिथल्या शेडांना परक्याच राहिल्या.


कुर्डुवाडी_जंक्शन

हायड्रॉलिकचा विषय निघाला आहे तर आपल्या माणसाचं नाव घेतलंच पाहिजे. मनमोहन सुरी. रेल्वेतले इंजिनीअर. त्यांनी सुरी ट्रान्समिशन बनवलं. गाडी हलवताना टॉर्क कन्व्हर्टर, कारण तिथे जोर लागतो. वेग आला की कन्व्हर्टर बाजूला करून थेट यांत्रिक जोड, कारण तेलात घसरून जाणारी ताकद वाचवायची. दोन्हींतलं चांगलं तेवढं एका पेटीत. १९६१ मध्ये पद्मश्री, १९६२ मध्ये भटनागर पुरस्कार. पुढे ते दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि स्वराज ट्रॅक्टरची मूळ रचना तिथेच त्यांच्या काळात झाली. आज शेतात स्वराज चालवणाऱ्यांना हे माहीतही नसेल.

चित्तरंजनने बांधलेल्या डब्ल्यूडीएस-४ शंटरमध्ये हेच ट्रान्समिशन आहे. इंजिन जर्मनीच्या माक कंपनीच्या रचनेचं, सरळ ओळीतले सहा सिलिंडर. आणि चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे! डिझेल लोकोचे कनेक्टिंग दांडे वरखाली होताना बघायचे असतील तर यार्डात डब्ल्यूडीएस-४ शोधा.

आता माझ्या गावाकडे येतो. बार्शी लाइट रेल्वे, १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शी गावापर्यंत सुरू झाली. रुळांतलं अंतर अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा कर्ता. तिची पहिली ए क्लास वाफेची इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीने बांधली. हे सांगायचं कारण असं, की याच किट्सनने १९२० च्या दशकात जगातला एक सर्वांत विलक्षण डिझेल प्रयोग केला. नाव किट्सन-स्टिल. पिस्टनच्या एका बाजूला डिझेल जळणार आणि दुसऱ्या बाजूला वाफ ढकलणार! गाडी वाफेवर हलवायची, थोडा वेग आला की डिझेल चालू. डिझेलच्या धुराची आणि सिलिंडरच्या कवचाची उष्णता फुकट न घालवता तिच्यातून पुन्हा वाफ करायची. इंधनाचा खर्च खरोखर कमी यायचा. पण एका लोकोला बॉयलर सांभाळणारा माणूस हवा आणि इंजेक्टर समजणारा माणूसही हवा. शेडला दोन्ही कामं. १९३० च्या दशकात किट्सन कंपनीच बुडाली आणि तो प्रयोग तिथेच थांबला.

कॅलथ्रॉपच्या पहिल्या गाड्या ज्यांनी ओढल्या त्यांनीच हा उद्योग केला, म्हणून मला या लोकोबद्दल घरच्यासारखी आपुलकी आहे. आणि तो विजेचा शेवटचा तुकडा, औसा रोड–लातूर रोड, तो कॅलथ्रॉपच्या लातूरच्या बाजूचाच.


अक्कलकोट_रोड

बाळेकर, एक मतभेद नोंदवतो. अल्को टिकला तो उघडायला सोपा म्हणून, असं सूत्र तुम्ही आणि काका मांडताय. मग जनरल मोटर्सच्या डब्ल्यूडीएम-४ चं काय? १९६२ मध्ये त्याही आल्या, ७२ लोको, २६०० अश्वशक्ती, म्हणजे अल्कोएवढीच. आत ५६७ मालिकेचं टू-स्ट्रोक इंजिन. एका सिलिंडरचं आकारमान ५६७ घन इंच, म्हणून ते नाव. त्यात हेड, लायनर, पिस्टन, रॉड असं सगळं मिळून एकाच वेळी बाहेर काढता येतं आणि तयार ठेवलेला दुसरा जोड आत घालता येतो. फिटरच्या दृष्टीने अल्कोपेक्षाही सोपं. १९६९ मध्ये पहिली हावडा राजधानी डब्ल्यूडीएम-४ नेच ओढली, ताशी १२० किलोमीटरने.

धुराचा प्रश्नही त्यात हुशारीने सोडवलाय. टू-स्ट्रोक इंजिनाला बाहेरून हवा ढकलल्याशिवाय चालताच येत नाही, म्हणून त्यांचा टर्बो सुरुवातीला गिअरने इंजिनालाच जोडलेला असतो. धुराचा जोर वाढला की क्लच सुटतो आणि टर्बो स्वतःच्या बळावर पळतो. त्यामुळे नॉच घेताना हवा कमी पडत नाही.

तरी आपण अल्कोच निवडला. कारण तंत्रज्ञान द्यायला अल्को तयार झाली. वाराणसीचा कारखाना उभा राहिला, जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पहिली लोको बाहेर पडली. म्हणजे निकाल फिटरच्या हातात नव्हता, करारात होता.


बाळे_स्टेशन

@अक्कलकोट_रोड, मुद्दा वजनदार आहे आणि तो मला माझ्या म्हणण्याच्या विरोधात वाटत नाही. फिटर तिथवर पोचला की त्याच्या हातात नवा लायनर असायला हवा. तो लायनर देशात ओतला जाणार की बोटीने येणार, हे करार ठरवतो. डब्ल्यूडीएम-४ दोन्हींतली अर्धीच अट पुरी करत होती. अल्कोने दोन्ही केल्या. डब्ल्यूडीएम-३ ने एकही नाही.

आणि पुढचा इतिहास बघा. अमेरिकेतल्या स्केनेक्टडीचा अल्को कारखाना १९६९ मध्ये बंद पडला. मूळ मालक गेला, आणि आपण तेच २५१ पुढची कित्येक दशकं घडवत राहिलो. २६०० चं ३१०० केलं, डब्ल्यूडीएम-३ए. मग ३३००, डब्ल्यूडीएम-३डी. मीटरगेजला त्याच घराण्याचं सहा सिलिंडरी इंजिन घालून वायडीएम-४ चालवली. आपल्या सोलापूर–गदग मार्गावर मीटरगेज होता त्या काळातले लोक तो आवाज ओळखतील. जन्मगावापेक्षा इथे या इंजिनाचं आयुष्य जास्त झालं ते इथल्या शेडांमुळे आणि ओतशाळांमुळे. शेवटी १९९५ मध्ये जनरल मोटर्सशीही करार झाला आणि त्यांचं नवं ७१० इंजिन आलं, तेव्हा तंत्रज्ञानही सोबत घेतलं.


पेठेतला_मेकॅनिक

चार इंजिनं जोडून एक लोको केल्याचं कुणी लिहिलं नाही अजून. ब्रिटिश रेल्वेची १०१००, फेल लोको. जनरेटर नाही, हायड्रॉलिक नाही. पॅक्समनची ५०० अश्वशक्तीची चार इंजिनं आणि डिफरन्शिअल गिअरची साखळी. सुरुवातीला एक इंजिन, वेग वाढेल तशी दुसरी, तिसरी, चौथी जोडत जायची. शिवाय सुपरचार्जर फिरवायला आणखी दोन छोटी इंजिनं वेगळी. गिअरवर जीव असणाऱ्या माणसाने रचलेली गाडी! १९५८ मध्ये मँचेस्टरला आग लागली आणि पुढे १९६० मध्ये मोडीत निघाली. एकच बांधली होती. असलं काही आपल्याला रुळावर बघायला मिळायला हवं होतं.


डिप्लोमा_दुसरं_वर्ष

मी मेकॅनिकलला आहे, सोलापुरातच. सगळा धागा वाचला. काका आणि सर, दोन प्रश्न. आता सगळीकडे तारा आल्यावर आपल्या भागात डिझेल बघायला मिळतं का? आणि आवाजावरून अल्को आणि जनरल मोटर्सचं इंजिन कसं ओळखायचं?


निवृत्त_फिटर

बाळा, मिळतं. यार्डात शंटिंगला, तारेवर काम करायच्या गाड्यांना, अपघात मदत गाडीला डिझेल लागतंच. तारेतली वीज बंद असताना चालेल असं काहीतरी हाताशी ठेवावं लागतं. पण अल्को दिवसेंदिवस कमी होत चाललेत, दिसला तर सोडू नको.

आवाज असा ओळख. अल्को उभा असताना सुटे सुटे ठोके येतात, मोजता येतील इतके संथ, आणि मधूनच थोडा हेलकावा. फोर-स्ट्रोक आहे, प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. जनरल मोटर्सचं टू-स्ट्रोक, प्रत्येक फेरीला पेटतं, म्हणून आवाज सलग आणि भरीव, वर टर्बोच्या गिअरची शीळ. डोळे मिटून दोन्ही एकेकदा ऐकलंस की पुन्हा विचारावं लागणार नाही.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर प्लॅटफॉर्मवरूनच, रुळावर उतरायचं नाही. शेड किंवा यार्डात परवानगीशिवाय शिरू नको. कॉलेजच्या पत्रावर औद्योगिक भेट मागितली तर शेडवाले दाखवतात, आणि उघडं इंजिन बघायला मिळतं ते तिथंच. हेड काढलेलं असेल त्या दिवशी गेलास तर नशीब.


बाळे_स्टेशन

@डिप्लोमा_दुसरं_वर्ष, कॉलेजकडून पत्र निघालं तर इथे कळव, आम्हीही बरोबर येऊ. फोनवर रेकॉर्ड करताना आवाज आपोआप कमीजास्त करायची सोय बंद ठेव, नाहीतर नॉच चढतानाचा फरकच निघून जातो. आणि इंजिन सुरू व्हायच्या आधीपासून रेकॉर्डिंग चालू ठेव, पहिल्या सिलिंडरपासून सोळाव्यापर्यंतचं सगळं आलं पाहिजे.

काका, तुम्हाला एक विनंती. बारिंगपासून टर्बो थांबेपर्यंतचा सगळा क्रम, कोणता स्पॅनर कुठे, कोणता नट आधी, असं तुम्ही सांगाल तसं मी लिहून घेतो. टायपिंगचा त्रास तुम्हाला नको. रविवारी दुपारनंतर येऊ का?

राहिला विषय सुल्झरचा : दोन सरळ ओळी शेजारी शेजारी, दोन क्रँकशाफ्ट, मधे एक गिअर, ब्रिटनच्या क्लास ४७ च्या ५१२ लोकोंत बसवलेलं बारा सिलिंडरी इंजिन. त्याचा छेद हाताने काढतोय, उद्या इथेच टाकतो. त्यातल्या आतल्या बाजूच्या सिलिंडरपर्यंत फिटर कसा पोचायचा, ते अक्कलकोट_रोड यांनी चित्र बघून सांगावं.


निवृत्त_फिटर

ये की. चारनंतर ये, ऊन कमी होतं. वही मोठी आण.